एजंट ११६ आणि सीआयडी ९९९ : साठच्या दशकातले स्वस्त हेरपट

१९६६ ते १९७० या चार-पाच वर्षांत तेलुगू, तमिळ, कन्नड आणि हिंदी पडद्यावर हेरांची पलटणच उतरली. एजंट ११६, सीआयडी ९९९, सीआयडी ९०९, सीक्रेट एजंट ०७७ असे आकडे लावलेले हे नायक बहुतेक छोट्या निर्मात्यांनी, मोजक्या भांडवलावर आणि घाईघाईत उभे केले होते. ‘फर्ज’ वगळता त्यांतल्या फार थोड्या चित्रपटांची नावे आज लोकांच्या तोंडी आहेत. चित्रपटाच्या इतिहासात त्यांना दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही, आणि समीक्षकांनी त्यांची नोंद घेतली ती बहुधा नक्कल म्हणून. तरीही या चित्रपटांत एक खराखुरा आनंद आहे. तो लहान आहे, साधा आहे, आणि तो कसा निर्माण होतो हे समजून घेण्याजोगे आहे.

हे समजून घेण्यासाठी मुंबई-मद्रासपेक्षा दक्षिण सोलापूर तालुक्यातले मंद्रूप जास्त उपयोगी पडते. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागले की वडकबाळजवळ सीना ओलांडावी लागते, मग मंद्रूप येते, आणि पुढे टाकळीनंतर भीमा ओलांडली की विजापूर जिल्हा. दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा घराघरांत चालतात. शिवाय बाजारहाट ज्या सोलापुरात करायचा, त्या शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा. त्यामुळे गिरण्यांच्या आणि हातमागांच्या या शहरात हिंदी आणि मराठीबरोबर तेलुगू चित्रपटांनाही हक्काचा प्रेक्षक होता, आणि कन्नड चित्रपट तर भीमेपलीकडेच होते. एकाच हेराची गोष्ट तीन भाषांत, तीन वेगवेगळ्या नायकांच्या चेहऱ्याने समोर येण्याची शक्यता महाराष्ट्रात फार थोड्या भागांत होती. हा भाग त्यांतला एक.

चित्रपट वितरकांचा नकाशा राज्यांच्या नकाशाप्रमाणे चालत नाही, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. १९५६ साली विजापूर, बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पण वितरणाच्या व्यवहारात ते मुंबई विभागातच राहिले. हिंदी चित्रपटाची जी प्रिंट सोलापुरात चालून जुनी होई, तिला पुढे विजापूरची वाट मोकळी होती. सीमेचा प्रश्न त्याच सुमारास पेटलेला होता. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या गावांबद्दल म्हैसूरच्या बाजूने कौल दिला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. सभा, मोर्चे आणि ठराव चालू असताना पडद्यावरचे हेर मात्र ही सीमा रोज ओलांडत होते.

या हेरांचा मूळ पुरुष अर्थातच जेम्स बॉण्ड. १९६२ च्या ‘डॉ. नो’ला सुमारे १० लाख डॉलर खर्च आला होता; १९६५ च्या ‘थंडरबॉल’पर्यंत तो सुमारे ९० लाखांवर गेला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. त्या भावाने ‘थंडरबॉल’चा खर्च पावणेसात कोटींच्या घरात जातो. इकडे प्रादेशिक भाषेतला कृष्णधवल चित्रपट काही लाखांत पुरा होई. एवढ्या पैशांत समुद्राखालची लढाई, खासगी पाणबुडी किंवा ज्वालामुखीतला अड्डा यांतले काहीही शक्य नव्हते.

युरोपातल्या छोट्या निर्मात्यांपुढे हाच प्रश्न होता आणि त्यांनी तो आधी सोडवला होता. इटली, फ्रान्स, स्पेन आणि पश्चिम जर्मनीच्या कंपन्या भांडवल एकत्र करून कमी खर्चाचे हेरपट काढत. एजंट ०७७ ही मालिका तिकडचीच. फ्रेंच लेखक झाँ ब्रूस यांचा ओएसएस ११७ हा हेर तर १९४९ पासून, म्हणजे बॉण्डच्या पहिल्या कादंबरीच्या चार वर्षे आधीपासून, कादंबऱ्यांत वावरत होता आणि साठच्या दशकात तो पडद्यावर स्थिरावला. बॉण्डचे तेज आणि युरोपीय हेरपटांची काटकसर अशा दोन्ही गोष्टी भारतीय निर्मात्यांनी उचलल्या. आपल्या नायकाला त्यांनी दिलेला ११६ हा आकडा ११७ पेक्षा एकाने कमी आहे, आणि १९६८ साली ‘गोल्डन आइज सीक्रेट एजंट ०७७’ नावाचा हिंदी चित्रपटही येऊन गेला.

भारतातली ही लाट जोरात सुरू झाली ती १९६६ मध्ये मद्रासच्या स्टुडिओंतून. तमिळमध्ये सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने जयशंकर यांना घेऊन ‘वल्लवन ओरुवन’ काढला. तेलुगूत सुंदरलाल नाहाटा आणि डुंडी या निर्मात्यांनी ‘गुढाचारी ११६’ काढला. एम. मल्लिकार्जुन राव दिग्दर्शक, कृष्णा नायक आणि जयललिता नायिका. कृष्णा तेव्हा अगदी नवे होते. ‘तेने मनसुलु’ या आधीच्या चित्रपटात त्यांनी स्कूटरवरून गाडीवर झेप घेण्याचे दृश्य स्वतः केले होते आणि ते पाहूनच डुंडी यांनी त्यांची निवड केली असे सांगितले जाते. ‘गुढाचारी ११६’ चालला, कृष्णा यांना आंध्रचा जेम्स बॉण्ड हे बिरुद कायमचे चिकटले, आणि निर्मात्यांनी लगेच त्याचे हिंदी रूप हाती घेतले. तो १९६७ चा ‘फर्ज’.

‘फर्ज’चा नायक जितेंद्र. रवी कपूर या नावाने गिरगावातल्या चाळीत वाढलेला, वडिलांच्या खोट्या दागिन्यांच्या व्यवसायातून व्ही. शांतारामांच्या कंपनीत जा-ये करणारा आणि शांतारामांनीच १९६४ च्या ‘गीत गाया पत्थरों ने’मध्ये नायक केलेला हा मुलगा तोवर यशाच्या शोधात होता. ‘फर्ज’ने ते दिले. कथेत नवे काही नाही. एका एजंटचा खून होतो, त्याचा तपास ११६ नंबरच्या गोपाळकडे येतो, संशयिताच्या मुलीशी त्याचे प्रेम जमते, आणि प्रेम की कर्तव्य असा पेच पडतो. पण जितेंद्र या चित्रपटात ज्या चपळाईने धावतो, उड्या मारतो आणि नाचतो ती हिंदी पडद्याला नवी होती. त्याचे पांढरे बूट आणि त्याच्या उड्या पुढे पंधरा वर्षे त्याच्याबरोबर राहिल्या. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. आनंद बक्षी यांनी लिहिलेले आणि महंमद रफी यांनी गायलेले त्यातले वाढदिवसाचे गाणे आजही गावोगावच्या वाढदिवसांना वाजते. हे गाणे एका हेरपटातले आहे याची आठवण फार थोड्यांना असते.

‘फर्ज’चे दिग्दर्शक रविकांत नगाइच हे मूळचे कॅमेरामन. एन. टी. रामाराव यांच्या ‘सीताराम कल्याणम’ (१९६१) या पौराणिक चित्रपटाचे छायाचित्रण आणि त्यातल्या चमत्कारांची करामत त्यांची होती. कन्नडमधल्या सीआयडी ९९९ मालिकेचे दिग्दर्शक दोराई-भगवान. त्यांतले दोराई राज हेही कॅमेरामन. हा योगायोग मानता येणार नाही. पैसा कमी असतो तेव्हा देखावा उभारता येत नाही. तो भासवावा लागतो, आणि भासवण्याचे काम प्रकाशाला आणि भिंगाला समजून घेणाऱ्या माणसालाच जमते. रावणाची दहा मस्तके एका चौकटीत बसवणाऱ्या माणसाला खलनायकाचा भुयारी अड्डा अवघड नव्हता. या हेरपटांचे घराणे त्यामुळे लंडनपेक्षा मद्रासच्या पौराणिकपटांशी जास्त जवळचे आहे.

दरीत कोसळणाऱ्या गाडीचे उदाहरण घ्यावे. वळणावर येईपर्यंत गाडी खरी असते. कडा ओलांडताच तिच्या जागी हातभर लांबीची प्रतिकृती येते आणि चाळून घेतलेल्या मातीच्या उतारावरून गडगडते. माती चाळावी लागते, कारण त्यात साधा खडा राहिला तर तो पडद्यावर गाडीच्या चाकाएवढा दिसतो. प्रतिकृतीला पडायला अंतर थोडे असते, म्हणून ती खाली जाताना खऱ्या गाडीपेक्षा भरभर पडल्यासारखी दिसते. त्यावर उपाय असा, की सेकंदाला नेहमीच्या २४ चौकटींऐवजी ७२ किंवा ९६ चौकटी घ्यायच्या. मग तेच पडणे पडद्यावर तिप्पट-चौपट लांबते आणि गाडी जड वाटू लागते. शेवटी तिला आग लावायची. इथे मात्र अगदी निष्णात कॅमेरामनचेही फारसे चालत नाही. ज्वाला आणि पाण्याचे थेंब यांना लहान करता येत नाही; हातभर गाडीवर वीतभर ज्वाला उठली की प्रमाण बिघडलेच. म्हणून जाणकार दिग्दर्शक ज्वाला दिसताक्षणी दृश्य तोडून वर उभ्या असलेल्या नायकाच्या चेहऱ्यावर जातो. ते तोडणे किती वेळेवर आले यावरून त्या माणसाची पारख करता येते.

रात्रीच्या दृश्यांचेही असेच. बाहेर रात्री चित्रीकरण करायचे तर जनरेटर, मोठे दिवे आणि दुप्पट माणसे लागतात. त्यापेक्षा भर दुपारी भिंगाचे छिद्र लहान करून, रंगीत चित्रपट असेल तर निळी काच लावून, चौकटीत आकाश येणार नाही असा कोन धरून रात्र तयार करत. नीट पाहिले की झाडाखालची सावली काळीकुळकुळीत आणि रेखीव दिसते. दुपार ओळखू येते. तरीही या दुपारच्या रात्रींना स्वतःचे एक सौंदर्य आहे. माणसे जरा धूसर, कडा उजळ, आणि सगळ्या जगावर निळसर झाक. खऱ्या रात्रीपेक्षा ती रात्र गुप्तहेरांना जास्त शोभते.

खलनायकाचा अड्डा हा तर या चित्रपटांचा गाभाराच. प्लायवूडच्या भिंतीवर रुपेरी रंग, त्यावर रांगेत उघडझाप करणारे रंगीत दिवे, मध्ये मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर, एक सरकता दरवाजा, एक उघडणारी फरशी आणि एक फिरती खुर्ची. अड्डा गावाबाहेरच्या बंगल्याखाली असतो आणि आत जायची कळ कपाटातल्या पुस्तकात किंवा भिंतीवरच्या मूर्तीत दडवलेली असते. एवढ्या सामानात एक जागतिक कट उभा करायचा. इथे खरी कमाई नटांची आहे. के. एन. सिंग, मदन पुरी किंवा जीवन यांच्यासारखा नट त्या दिव्यांकडे गंभीरपणे पाहून हुकूम सोडतो तेव्हा ते दिवे यंत्र होतात. हे नट आपल्या कामाला कधीही कमी लेखत नाहीत. चित्रपट स्वस्त आहे म्हणून अभिनय सैल सोडावा असे त्यांच्यातल्या कुणीही केलेले दिसत नाही, आणि ही बाब मानाने नोंदवायला हवी.

पैशाच्या कमतरतेने हेराचे चरित्रही बदलले. बॉण्डला घर नाही, आईबाप नाहीत. तो विमानतळ आणि हॉटेल यांच्या दरम्यान जगतो. भारतीय निर्मात्याला विमानतळही महाग आणि परदेशी हॉटेलही महाग. परकीय चलनाची तंगी एवढी, की चित्रीकरणासाठी देशाबाहेर जायचे तर आधी सरकारदरबारी परवानग्यांचे खेटे घालावे लागत. मग कथा देशात राहिली, देशात राहिली म्हणून घरात आली, आणि घरात आल्यावर आई, बहीण, मेलेल्या मित्राचे कुटुंब ही सगळी माणसे तिच्यात शिरली. ‘फर्ज’ या नावातच कर्तव्य आहे. गोपाळ मारामारी करतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो शब्द पाळतो. समोरच्या बाकावर बसलेल्या गिरणी कामगाराला किंवा शेतकऱ्याच्या मुलाला असा हेर ओळखीचा वाटला तर नवल नाही. वरून हुकूम आला की घरच्या अडचणी बाजूला ठेवून निघणारा तो एक सरकारी नोकर होता.

मराठी वाचकाला असा संसारी साहसवीर आधीपासून माहीत होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय हे त्यांचे नायक खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत फाटेपर्यंत वाचले जात. त्यांतला झुंजार हा पत्नी विजयासह संकटात उडी घेतो. रघुवीर मुळगावकरांनी त्या पुस्तकांना दिलेली मुखपृष्ठे हाच अनेकांच्या दृष्टीने रहस्याचा पहिला रंगीत पडदा होता. हिंदी हेरपट पाहायला येणारा मराठी प्रेक्षक वेषांतर, भुयारे, खुणेची पत्रे आणि शेवटी उलगडणारा बुरखा यांत चांगला मुरलेला होता. त्याला फक्त हे सारे हलताना पाहायचे होते.

घरात आलेल्या हेराबरोबर गाणीही आली, आणि त्यामागे सरळ हिशेब आहे. मोटारींच्या पाठलागाला गाड्या मोडतात, रस्ता अडवावा लागतो, आठ-दहा दिवस जातात आणि पडद्यावर तीन मिनिटे मिळतात. गाण्याला एक बाग किंवा एक क्लबचा सेट पुरतो, तेवढ्याच दिवसांत पाच मिनिटे पदरात पडतात, आणि तबकडीची विक्री व रेडिओवरची प्रसिद्धी वेगळी. म्हणून भारतीय हेरपटात जिथे पाठलाग असायचा तिथे पुष्कळदा गाणे असते. चांगला दिग्दर्शक या गाण्यालाच पाठलाग करून टाकतो. मनमोहन देसाई यांच्या ‘किस्मत’मध्ये (१९६८) गुप्त मायक्रोफिल्म नायकाच्या गिटारमध्ये दडलेली असते आणि गुंड त्याच्या मागावर असतात. त्यांना चुकवण्यासाठी विश्वजीत बाईचा वेष घेतो, बबिता पुरुषाचा, आणि दोघे भर मैफलीत गाऊ लागतात. ओ. पी. नय्यर यांनी इथे विश्वजीतच्या तोंडी शमशाद बेगम यांचा आवाज घातला आणि बबिताच्या तोंडी आशा भोसले यांचा. एका साडीच्या आणि एका फेट्याच्या खर्चात सगळा प्रसंग उभा राहतो. गुंड इतक्या जवळ आहेत, की ओळखले गेले तर संपले. त्यामुळे गाण्याच्या प्रत्येक ओळीवर ताण आहे. बालगंधर्वांची परंपरा आणि तमाशातला नाच्या पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला या वेषांतराची लज्जत वेगळी समजावून द्यावी लागली नसेल. महंमद हुसेन यांच्या ‘सीआयडी ९०९’लाही (१९६७) नय्यर यांचेच संगीत होते, आणि त्यात फिरोज खान आणि मुमताज ही पुढे मोठी झालेली जोडी स्वस्त चित्रपटांची उमेदवारी करत होती.

हे नायक स्वतःला सीआयडी म्हणवतात, याचे कारणही काळात आहे. सीआयडी म्हणजे राज्य पोलिसांची गुन्हे अन्वेषण शाखा. परदेशी हेरांशी तिचा संबंध क्वचितच. परदेशातल्या हेरगिरीसाठी स्वतंत्र संस्था, म्हणजे रॉ, सप्टेंबर १९६८ मध्ये रा. ना. काव यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली; तोवर हे काम इंटेलिजन्स ब्यूरोकडे होते आणि त्याचे नाव सामान्यांच्या ओठी नव्हते. पडद्यावरचा हेर असा खऱ्या संस्थेच्या आधीच कामाला लागला होता. शत्रूचे नाव घेण्याचीही सोय नव्हती. १९६२ आणि १९६५ ही दोन युद्धे ताजी होती, त्यामुळे ‘शेजारचे एक राष्ट्र’ एवढे म्हटले की प्रेक्षक समजायचे ते समजत. कटही त्या वेळच्या खऱ्या चिंतांतून येत. धरण उडवणे, नकली नोटा, शास्त्रज्ञाचे अपहरण आणि सोन्याची तस्करी. जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण आदेशाने १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी घातली होती. सोलापूरच्या सराफकट्ट्यापासून खेड्यातल्या सोनारापर्यंत सर्वांना त्याची झळ लागली होती. पडद्यावर सोन्याच्या विटांची पेटी उघडली की ती कुणालाच परकी वाटत नव्हती.

सोने आणि समुद्र यांचा विचार आला की गोवा येतोच. दोराई-भगवान यांनी १९६८ साली ‘जेडर बले’मध्ये राजकुमार यांना सीआयडी ९९९ केले. ‘बेडर कण्णप्पा’पासून पौराणिक आणि संतचरित्रांसाठी पूजला जाणारा हा नट हातात पिस्तूल घेऊन उभा राहिला, आणि भीमेपलीकडच्या प्रेक्षकाने त्याला त्याही रूपात डोक्यावर घेतले. त्याच वर्षी दुसरा भाग आला, ‘गोवादल्ली सीआयडी ९९९’. डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेला गोवा स्वस्त हेरपटाला देवाने दिल्यासारखा होता. चर्चचे पांढरे मनोरे, पोर्तुगीज वळणाची घरे, किनारा, बोटी. परदेशाचा सगळा भास पासपोर्टावाचून आणि परकीय चलनावाचून मिळत होता. १९६९ मध्ये ‘ऑपरेशन जॅकपॉटनल्ली सीआयडी ९९९’ हा तिसरा भाग आला. तिन्ही भागांत राजकुमार यांचा हेर संयमी आहे. त्याची नजर स्थिर, बोलणे मोजके. जितेंद्रचा ११६ उड्या मारतो. राजकुमारांचा ९९९ वाट पाहतो. दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहण्याची संधी सोलापूर-विजापूर पट्ट्यातल्या दुभाषी प्रेक्षकाला होती, आणि ती चैनच म्हणायची.

या सगळ्या गर्दीत रामानंद सागर यांचा ‘आँखें’ (१९६८) वेगळा बसतो, कारण तो स्वस्त नव्हता. धर्मेंद्र, माला सिन्हा, महमूद, तोक्यो आणि बैरूतमधले चित्रीकरण, आणि खलनायकांच्या गोटात जीवन यांच्याबरोबर आपल्या ललिता पवार. सागर यांना त्यासाठी दिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. चित्रपट भव्य आहे, पण छोट्या हेरपटांतली निकड त्यात सापडत नाही. बी. के. आदर्श यांच्या ‘स्पाय इन रोम’सारख्या त्याच वर्षीच्या चित्रपटात अडचणीतून मार्ग काढणाऱ्यांची जी धडपड दिसते, ती पैसा हाताशी असला की आटते.

मंद्रूपसारख्या गावापर्यंत हे चित्रपट दोन वाटांनी पोचत. एक वाट एसटीची. सोलापुरात बाजार किंवा कोर्टकचेरीचे काम उरकून भागवत चित्रमंदिरासारख्या थिएटरात खेळ पाहायचा आणि शेवटची गाडी गाठायची. दुसरी वाट जत्रेतल्या तंबूची. थिएटरात दोन प्रोजेक्टर असतात, एक रीळ संपता संपता दुसरे सुरू होते. तंबूत बहुधा एकच यंत्र. दोन हजार फुटांचे रीळ सुमारे २२ मिनिटे चालते, मग अंधारात ऑपरेटर दुसरे चढवीपर्यंत थांबायचे. हेरपटाला हे थांबणे मानवत असे. नायक भुयाराच्या दाराशी पोचला आणि रीळ संपले, की पुढची काही मिनिटे तंबूभर तर्क चालत.

प्रिंट इथवर येईपर्यंत मोठ्या शहरांतून आणि तालुक्यांतून झिजून आलेली असे. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडे. फिल्म तुटली की ऑपरेटर खराब भाग कापून दोन्ही टोके चिकटवी. एका फुटात १६ चौकटी असतात, म्हणजे एक फूट गेले की सेकंदाचा दोन तृतीयांश भाग गेला. संवादात हे चटकन कळते, वाक्य मधेच तुटते. मारामारीत मात्र उलटाच परिणाम होई. ठोसा उगारलेला दिसे आणि पुढच्या क्षणी गुंड जमिनीवर. नायक होता त्याहून चपळ वाटे. गाण्यांच्या रिळांवर सर्वांत जास्त ओरखडे असत, कारण तीच पुनःपुन्हा फिरवली जात.

मराठीत असा हेरपट का झाला नाही, हा प्रश्न इथे येणारच. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा उत्तम रहस्यपट होता. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटावरून हिंदीत ‘मेरा साया’ झाला. पण हेर मराठी पडद्यावर रुजला नाही. तेलुगू आणि कन्नड निर्मात्याला मोठा प्रेक्षक असा होता ज्याला हिंदी नीट कळत नव्हते. त्याच्यासाठी बॉण्डचे देशी रूप करणे भाग होते. मराठी प्रेक्षकाला हिंदी कळत होते आणि हिंदी चित्रपट त्याच्या दारातच तयार होत होते. मराठी निर्मात्याला टिकायचे तर हिंदीत न मिळणारी चीज द्यावी लागे, आणि १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’नंतर ती चीज तमाशापट ठरली. वेषांतर, फितुरी आणि खबरबात यांची मराठी हौस भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांनी भागवली. बहिर्जी नाईक ज्यांच्या इतिहासात आहे त्यांना हेराचे अप्रूप कमी नव्हते. फक्त तो त्यांना अंगरख्यात पाहायची सवय होती.

सत्तरच्या दशकात लाट ओसरली. रंगीत फिल्म सर्रास झाली, तस्कर हाच नायक होऊ लागला आणि संताप हा देशभक्तीपेक्षा जास्त विकला जाऊ लागला. नगाइच यांनी १९७३ च्या ‘कीमत’मध्ये एजंट ११६ पुन्हा आणला, या वेळी धर्मेंद्रच्या रूपात, पुढे मिथुन चक्रवर्ती यांना गनमास्टर जी-९ करून ‘सुरक्षा’ (१९७९) आणि ‘वारदात’ (१९८१) काढले. कन्नडमध्ये ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’ने १९७८ साली ९९९ ची मालिका संपवली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून काम करत होते, पण स्वस्त चित्रपटांच्या प्रिंटा जपण्याइतके महत्त्व त्यांना त्यांच्या मालकांनीच दिले नव्हते. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते. धंदा संपलेली प्रिंट त्या चांदीसाठी धुऊन टाकणे हा नेहमीचा व्यवहार होता.

जे उरले आहे ते पाहायचे तर ‘गुढाचारी ११६’ आणि ‘फर्ज’ लागोपाठ पाहावेत, आधी तेलुगू. भाषा येत नसली तरी बिघडत नाही. तेच प्रसंग कृष्णधवलमधून रंगात येताना काय कमावतात आणि काय गमावतात हे लगेच दिसते. कृष्णधवल अड्डा सावल्यांमुळे खोल वाटतो. रंगीत अड्ड्यात प्लायवूड उघडे पडते, पण गाणी फुलतात. त्यानंतर ‘जेडर बले’ आणि ‘गोवादल्ली सीआयडी ९९९’ घ्यावेत, आणि ‘किस्मत’ सर्वांत शेवटी. पाहताना कथेच्या चुका शोधत बसू नये, त्या भरपूर आहेत. दृश्य कुठे तोडले आहे, सावली कुठून पडली आहे आणि दिव्यांच्या त्या भिंतीसमोर नट कसा उभा आहे, इकडे लक्ष द्यावे.